शंका-समाधान : सुई का हलत नाही?

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडचा प्रयोग (तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसुई वळते) मांडला आहे. होकायंत्रावरून तांब्याची तार नेली, १.५ व्होल्टचा सेल आणि टॉर्चचा बल्ब जोडला. बल्ब लागतो, पण सुई ढिम्म! (इयत्ता नववी)

उत्तर : बल्ब लागतो, तेव्हा जोडणी ठीक आहे. आधी तारेची दिशा तपासा. बहुधा तुम्ही ती सुईला आडवी, म्हणजे पूर्व-पश्चिम टाकली आहे. तारेचे चुंबकीय क्षेत्र तारेला काटकोनात असते. तार पूर्व-पश्चिम असेल तर हे क्षेत्र उत्तर-दक्षिण पडते. सुई आधीच त्या रेषेत उभी असते, मग वळेल कशाला? तार सुईला समांतर, अगदी काचेला टेकवून धरा.

दुसरी अडचण बल्बची. त्याच्यामुळे प्रवाह साधारण ०.३ अँपिअरवरच राहतो. १ अँपिअर प्रवाहाचे क्षेत्र तारेपासून १ सेंमीवर २० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) असते, म्हणजे तुमच्या वाट्याला ६. पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक बहुतेक ठिकाणी २० ते ४० मायक्रोटेस्ला. या ओढाताणीत सुई फार तर १०-१५ अंश वळेल. बल्ब काढून तार थेट जोडली तर सुई चांगली वळते, पण सेल आणि तार तापतात. दोन-तीन सेकंदांतच सोडा. मोबाइलची लिथियम बॅटरी यासाठी कदापि वापरू नका.

याहून चांगला उपाय जर्मन शास्त्रज्ञ श्वाइगरने १८२० सालीच काढला होता. होकायंत्राभोवती एनॅमलच्या (विद्युतरोधक लेप दिलेल्या) तारेचे उत्तर-दक्षिण १५-२० वेढे घ्या. सुईच्या वरून आणि खालून जाणाऱ्या तारांचे परिणाम एकमेकांत मिळतात, त्यामुळे बल्ब ठेवूनही विचलन ठळक दिसते. तारेची टोके पॉलिशपेपरने घासायला विसरू नका, एनॅमलमधून वीज जात नाही. लोखंडी पायांचे टेबलही टाळा.

तक्त्यावर ‘योगायोगाने लागलेला शोध’ असे लिहिणार असाल, तर जरा थांबा. वीज आणि चुंबकत्व यांचा संबंध ओर्स्टेड कित्येक वर्षे शोधत होता. एप्रिल १८२० मधल्या व्याख्यानात सुई किंचितच हलली. जुलैमध्ये त्याने जोरदार बॅटरी घेऊन पुन्हा प्रयोग केले आणि २१ जुलैला निष्कर्ष लॅटिनमध्ये छापले.

प्रश्न : चुंबकापासून वीज मिळवण्यासाठी शास्त्रज्ञ फॅरडेप्रमाणे ५० वेढ्यांच्या वेटोळ्यात चुंबक ठेवला. मल्टिमीटर शून्यच दाखवतो.

उत्तर : नुसता ठेवून काही होणार नाही, चुंबक झटक्याने आत-बाहेर करा. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडेच्या लोखंडी कड्यावरच्या प्रयोगातही सुई फक्त बॅटरी जोडताना आणि तोडताना हलली होती. ५० वेढ्यांत जेमतेम काही मिलिव्होल्ट मिळतात, तेही क्षणभर. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यात हा झटका निसटतो. मधोमध शून्य असलेला काट्याचा गॅल्व्हनोमीटर (अगदी कमी प्रवाह दाखवणारे उपकरण) आणि ४००-५०० वेढे घ्या. गॅल्व्हनोमीटरऐवजी वरचे वेढ्यांचे होकायंत्र वापरणार असाल, तर ते चुंबकापासून निदान मीटरभर लांब ठेवा. नाहीतर चुंबक सुईला थेटच ओढेल आणि तुम्हाला वाटेल, वीज तयार झाली.