जर्मन भाज्यांची नावे इंग्रजीच्या वाटेने पाठ करू नयेत

‘जर्मनची ए-१ ही सर्वांत प्राथमिक पातळीची परीक्षा जवळ आली आहे, पतीकडे म्युनिकला जायचे आहे, आणि क्लासने दिलेल्या यादीतील भाज्यांची नावे काही केल्या लक्षात राहत नाहीत’, हे आपले म्हणणे वाचून माझे जुने दिवस आठवले. उच्चारांविषयी लिहीत नाही. ते आपल्याला येतच असतील.

दोष आपल्या स्मरणशक्तीचा नसून त्या यादीचा असावा. मी ज्या क्लासमध्ये भरमसाट शुल्क भरले, त्याचे नाव घेत नाही. तेथेही अशीच एक झेरॉक्स हाती पडली होती, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे जर्मन, आणि लिंग व अनेकवचन यांचा पत्ताच नाही. विचारले तर ‘ए-१ला आर्टिकलचे गुण कापत नाहीत’ असे उत्तर मिळाले (आर्टिकल म्हणजे नामाआधी येणारे, त्याचे लिंग दाखवणारे शब्द: पुल्लिंगी ‘डेर’, स्त्रीलिंगी ‘डी’, नपुंसकलिंगी ‘डास’), आणि कार्यालयात तक्रार केली तर त्यांनी पुन्हा शिक्षकांकडेच पाठवले. तोंडी परीक्षेत एखादी चूक खपून जाते हे खरे. परंतु ‘मला फ्लॉवर हवा आहे’ एवढे म्हणतानाही ‘डेर ब्लूमेनकोल’चे ‘डेन ब्लूमेनकोल’ होते आणि ‘डी गुर्के’, म्हणजे काकडी, तशीच राहते, हे लिंग ठाऊक असल्याशिवाय कसे जमणार? पाठ झालेले शब्द मला आर्टिकलसह पुन्हा पाठ करावे लागले, आणि ते नव्याने शिकण्यापेक्षा जड गेले.

मुळात मध्ये इंग्रजी हवीच कशाला? मराठीतही जर्मनप्रमाणे तीन लिंगे आहेत. मुळा, भोपळा, पालक आणि फ्लॉवर आपल्याकडे पुल्लिंगी आहेत, तसेच रेटिख, क्युर्बिस, श्पिनाट आणि ब्लूमेनकोल हेही ‘डेर’च आहेत, काकडी दोन्हीकडे स्त्रीलिंगी. लक्ष द्यायचे ते बटाटा, कांदा, टोमॅटो, वांगे, गाजर यांच्याकडे, कारण कार्टोफेल, त्स्वीबेल, टोमाटे, ओबेर्झीने, कारोटे हे सगळे ‘डी’ आहेत आणि अनेकवचनात त्यांना ‘न’ लागतो. ‘डास’ भाज्यांत क्वचितच भेटते, जरी भाजी या अर्थाचा ‘गेम्यूझे’ हा शब्द स्वतः ‘डास’ असला तरी. इंग्रजी ‘पेपर’मुळे मिरी आणि ढोबळी मिरची यांचा जो घोळ होतो, तोही टळतो, मिरी म्हणजे ‘प्फेफर’ आणि ढोबळी मिरची म्हणजे ‘पापरिका’.

आल्डी, लिडल या जर्मन सुपरमार्केटांची साप्ताहिक जाहिरातपत्रके इंटरनेटवर भारतातूनही पाहता येतात. चित्र, नाव आणि भाव एकत्र असल्याने कोणत्याही यादीपेक्षा ती मला उपयुक्त वाटतात. (जाता जाता: भेंडी तिकडे तुर्की दुकानात शोधावी.)

मी शिक्षक नाही, आणि व्हिसाचे नियम दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहावेत. म्युनिकमध्ये मात्र पुस्तकातील नावे पुरणार नाहीत: लाल कोबीला पुस्तक ‘रोटकोल’ म्हणते, तर बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तेथे, तो ‘ब्लाउक्राउट’ असतो, गाजरे ‘गेल्बे र्‍यूबेन’ होतात आणि मुळ्याला ‘राडी’ म्हणतात. परीक्षेपर्यंत पुस्तकातीलच शब्द वापरावेत; हे बाजारात आपोआप कानांवर पडतील.