ओट्याखालचं डिशवॉशर : मापं, मीठ आणि तुंबलेलं पाणी

बिल्ट-इन डिशवॉशरबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक इथे घेतली आहेत. पत्रांत बोल बहुतेक वेळा मशीनला लावलेला दिसतो. खरं दुखणं बरेचदा ओट्यात, सिंकच्या सायफनमध्ये (सिंकखालच्या वाकड्या निचऱ्याच्या पाइपात) नाहीतर सोसायटीच्या टाकीत असतं, म्हणून उत्तरांची सुरुवातही तिथूनच केली आहे.

प्रश्न : आमची इमारत जुनी आहे. ओटा जमिनीपासून ३२ इंच, वर ग्रॅनाइट आणि त्याखाली कडाप्पा. ६० सेंटिमीटरचं बिल्ट-इन डिशवॉशर बसेल का? दुकानदार म्हणतो, सगळीकडे बसतं. सुतार म्हणतो, खालची लादी दोन इंच खोदू. (पाचपाखाडी, ठाणे)

आहे त्या ओट्याखाली बसणार नाही, आणि लादी तर अजिबात खोदू नका. स्वयंपाकघरात कोब्यासकट दोन इंच खाली गेलात तर खालच्या मजल्याच्या छताला ओल येते आणि पुढची दोन वर्षं शेजाऱ्यांशी बोलणं फक्त त्याच विषयावर होतं.

हिशोब असा. ६० सेंटिमीटरच्या बिल्ट-इन मशीनची उंची पाय पूर्ण आत घेतल्यावर साधारण ८१५ मिमी भरते, पाय बाहेर काढल्यावर ८७० ते ८७५ पर्यंत जाते. म्हणजे ओट्याखाली किमान ८२० मिमी मोकळी उंची हवी. तुमचा ३२ इंची ओटा वरपासून जमिनीपर्यंत ८१३ मिमी. त्यातून ग्रॅनाइटचे २० आणि कडाप्प्याचे ३० मिमी वजा केले की उरतात ७६३. कडाप्पा काढून लोखंडी अँगलची चौकट दिली तरी ७९३ च मिळतात. ओटा नव्याने करणार असाल तर ३४ इंच घ्या आणि मशीनच्या वर कडाप्पा ठेवू नका : ८६४ वजा २० म्हणजे ८४४, आरामात बसतं. त्याच ३४ इंचात कडाप्पा राहिला तर ८१४ उरतात, म्हणजे सहा मिमीसाठी सगळं अडतं.

उंची मोजताना मशीन जिथे उभं राहणार तिथल्या तळावरून मोजा. कपाटाखाली पुष्कळदा टाइल नसतेच, नुसता कोबा असतो. याचा उलटा प्रकार जास्त त्रासाचा : मशीन बसवून झालं, मग जुन्या टाइलवर नवी टाइल बसवली आणि बाहेरची जमीन अर्धा इंच वर आली. मशीन खोबणीत कोंडलं गेलं. पुढे दुरुस्तीला बाहेर काढायचं तर टाइल फोडावी लागते. आधी लादी, मग मशीन.

रुंदी आतून स्वच्छ ६०० मिमी हवी. वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान माप धरा, कारण कडाप्प्याच्या उभ्या पाट्या ओळंब्यात क्वचितच असतात. मशीन स्वतः ५९८ मिमी असतं. सुताराला माप मिमीमध्येच द्या. इंच-सुताच्या हिशोबात दोन मिमी कुठे गेले ते कळत नाही. खोलीसाठी मशीनला ५५० आणि पुढच्या शटरला (मशीनच्या दारावर बसवायच्या फळीला) १८ ते २० मिमी लागतात. ओटा दोन फुटी असेल तर खोली पुरते, पण मागच्या भिंतीवरून सिंकचा दीड इंची पीव्हीसी पाइप जात असेल तर नाही. तो पाइप आधी हलवून घ्या.

१६ अँपिअरचा सॉकेट आणि पाण्याचा अँगल कॉक शेजारच्या कपाटात घ्या. मशीनच्या मागे सॉकेट असेल तर गळती झाली त्या दिवशी प्लग काढायला मशीनच बाहेर ओढावं लागेल. अर्थिंग तपासून घ्या, आणि घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना तेही पाहा.

मशीन बाजूच्या प्लायला पट्ट्यांनी स्क्रू करून घ्या, ग्रॅनाइटला भोक पाडू नका. स्क्रू न करता सोडलेलं मशीन भरलेली खालची जाळी पुढे ओढताच डोकं खाली घालतं. दार अर्धं उघडून हात सोडा. ते जागच्या जागी थांबायला हवं. धाडकन खाली आलं तर शटरचं वजन स्प्रिंगला जास्त होतंय : दाराच्या बाजूचे दोन स्क्रू सारखे घट्ट करा. शटर किती किलोचं चालेल ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. सुताराने शटरवर ग्लास लावायचं ठरवण्याआधी ते पाहा.

ओटा हलवायचाच नसेल तर दोन मार्ग उरतात. ड्राय बाल्कनीत पाणी आणि निचरा असेल तर ८४५ ते ८५० मिमी उंचीचं सुटं मशीन ठेवा. नाहीतर उंच कपाटात पक्का कप्पा करून बिल्ट-इन मशीन कमरेच्या उंचीवर बसवा. दुसऱ्यात वाकावं लागत नाही. घरात ज्येष्ठ असतील तर आम्ही तोच सुचवू. ४५ सेंटिमीटरचं अरुंद मशीन या उंचीच्या भानगडीतून सोडवत नाही, त्याची उंची तितकीच असते. शिवाय '१४ प्लेस सेटिंग' हा हिशोब युरोपी ताट-वाट्यांचा आहे. त्यात कढई, कुकर आणि पातेली धरलेली नाहीत. चार माणसांच्या रोजच्या स्वयंपाकाला ६० चंच घ्या.

प्रश्न : आमच्याकडे वर्षातले काही महिने टँकरचं पाणी असतं. ग्लास धुरकट झालेत, स्टीलवर पांढरे ठिपके पडतात. टीडीएस मीटर २५० दाखवतो. मीठ किती घालू? घरातलं जाडं मीठ चालेल का? (घोडबंदर रोड, ठाणे)

टीडीएसचा आकडा बाजूला ठेवा. तो पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार मोजतो. तुमच्या ग्लासचा शत्रू त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एवढाच भाग, म्हणजे पाण्याचा जडपणा. २५० टीडीएसचं पाणी जडही असू शकतं आणि मऊही. जडपणा मोजायची कागदी पट्टी मशीनबरोबर येते. हरवली असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. मशीनच्या जडपणाच्या सेटिंगचा तक्ता बहुधा जर्मन अंशात असतो. लिटरला मिलिग्रॅममध्ये आलेला आकडा १७.८ ने भागा की अंश मिळतात : ३०० मिलिग्रॅम म्हणजे साधारण १७ अंश.

धरणाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत मोठा फरक असतो. भातसा किंवा मोरबेचं पाणी पावसाळी साठ्याचं, तुलनेने मऊ. टँकर बोअरवर भरला असेल तर जडपणा एकदम चढतो. म्हणून पट्टी दोनदा वापरा, एकदा भर मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये, आणि सेटिंग त्याप्रमाणे बदला. सेटिंग गरजेपेक्षा कमी असेल तर आतलं रेझिन (जडपणा शोषून पाणी मऊ करणारे दाणे, जे मिठाने पुन्हा ताजे होतात) थकतं आणि ठिपके पडतात. जास्त असेल तर मीठ आणि पाणी फुकट जातं.

धुरकटपणा कशाचा ते आधी ठरवा. ग्लासवर लिंबू चोळून पाच मिनिटांनी धुवा. डाग गेला तर तो क्षार होता, मीठ आणि सेटिंग सुधारलं की थांबेल. डाग तसाच राहिला, उजेडात इंद्रधनुषी झाक दिसली, तर काच झिजली आहे. ती परत येत नाही. अतिमऊ पाणी, जास्त डिटर्जंट आणि जास्त तापमान एकत्र आलं की असं होतं. चव घेऊन डाग खारट लागला तर तिसरंच कारण : मिठाच्या टाकीचं झाकण नीट बसलेलं नाही.

जाडं मीठ घालू नका. त्यात मातीचा अंश आणि स्वतःचाच कॅल्शियम-मॅग्नेशियम असतो. बारीक मिठात गुठळी न होण्यासाठी मिसळलेले पदार्थ असतात. डिशवॉशरचंच दाणेदार मीठ घ्या. पहिल्यांदा, आणि फक्त पहिल्यांदाच, मशीनमधल्या मिठाच्या टाकीत एक लिटर पाणी ओता, मग नरसाळ्याने मीठ घाला. एक ते दीड किलो मावतं. पाणी वर ओसंडेल, ते ठीक आहे. आट्यांवरचे दाणे पुसून झाकण घट्ट लावा आणि लगेच एक धुणं लावा. सांडलेलं खारं पाणी रात्रभर तळाशी राहिलं तर स्टेनलेस स्टीललाही गंजाचे ठिपके पडतात. आणि या टाकीत चुकूनही डिटर्जंट पडू देऊ नका, पाणी मऊ करणारी यंत्रणाच जाते.

प्रश्न : मशीन नवीन. पहिल्याच धुण्यानंतर तळाशी पाणी उभं आणि पडद्यावर ई-२४. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार आहे. तोवर काय बघू? (नेरुळ)

तुमच्या मशीनवर ई-२४ म्हणजे पाणी बाहेर जात नाही. नव्या मशीनमध्ये हे झालं तर सिंकखाली डोकं घाला. निचऱ्याची नळी सायफनच्या ज्या तोटीला लावली आहे, ती तोटी कारखान्यातून आतून बंद येते. प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. प्लंबरने तो न कापता वर नळी चढवून क्लिप आवळली की पाण्याला वाटच नाही. क्लिप सोडवा, खाली बादली ठेवा, तोटीत टॉर्च मारून पाहा. पडदा दिसला तर धारदार कटरने पूर्ण गोल कापा. नुसतं भोक पाडलंत तर महिन्याभरात त्यात तूप आणि भाताची कणी अडकते.

तोटी मोकळी असेल तर नळीचा मार्ग बघा. ती ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत उंच नेऊन मग खाली सायफनला आलेली असावी. बऱ्याच मशीनना निचऱ्याची उंची तळापासून ४० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान लागते. नळी सरळ जमिनीवरच्या जाळीत सोडली तर धुणं चालू असतानाच पाणी ओढलं जातं, आणि जाळी तुंबली की घाण पाणी मशीनमध्ये परत येतं. मशीन आत ढकलताना मागे नळी चेपली जाणं हेही नेहमीचंच.

जुन्या मशीनला हाच कोड आला तर क्रम वेगळा. प्लग काढा, पाणी स्पंजने टिपा, फिल्टर डावीकडे फिरवून उचला. खाली पंपावर छोटं झाकण असतं, ते चमच्याच्या दांड्याने उचकटून निघतं. हातमोजे घाला, कारण तिथे सापडणाऱ्या वस्तूंत फुटलेली काच पहिल्या नंबरवर असते. मग टूथपिक, चिकूची बी, बाटलीच्या लेबलचा लगदा. पंपाचं आतलं पातं बोटाने फिरवा. ते अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं. ते चुंबकामुळे, बिघाड नव्हे. फिरतच नसेल तर काहीतरी अडकलंय. झाकण खट्ट आवाज होईपर्यंत दाबा. ते सैल राहिलं तरी निचरा होत नाही.

फिल्टरच्या खळग्यात पेलाभर पाणी कायम राहतं. ते तसंच असायला हवं.

प्रश्न : डिटर्जंट संपलं म्हणून भांडी घासायचं लिक्विड दोन चमचे घातलं. फेस बाहेर आला, आता ई-१५ दाखवतंय आणि पंप थांबतच नाही. (खारघर)

फेस तळाच्या ट्रेमध्ये उतरला आणि तिथला थर्माकोलचा तरंगता स्विच वर उचलला गेला. मशीन त्याला गळती समजतं आणि पाणी बाहेर फेकत राहतं. अँगल कॉक बंद करा, प्लग काढा. आतला फेस फडक्याने टिपा, उरलेल्यावर कपभर व्हिनेगर शिंपडा, तो बसतो. ट्रे रिकामा करायला मशीन बाहेर घ्यावं लागतं, दोन माणसं लागतात. खालची पट्टी काढून पुढून टेबलफॅन लावला आणि एक-दोन दिवस वाळू दिलं तर थोडं पाणी आपोआप सुकतं. मग डिटर्जंटशिवाय एक धुणं घ्या. लिक्विड न घालताही ई-१५ परत आला तर खरी गळती आहे : दाराचं रबर, पाण्याची नळी किंवा उंदराने कुरतडलेली निचऱ्याची नळी. पावसाळ्यात तळमजला-पहिल्या मजल्यावर शेवटच्या शक्यतेपासूनच सुरुवात करा.

प्रश्न : कोणती भांडी घालू नयेत? (ऐरोली)

ॲल्युमिनियमचा कुकर आणि कढई काळी पडतात, हार्ड अ‍ॅनोडाइज्डचाही रंग उतरतो. तांबं-पितळ निस्तेज होतं, कल्हईची भांडी तर नकोच. लोखंडी तवा गंजतो, पोळपाट-लाटणं तडकतं. स्टीलचा कुकर चालतो. शिट्टी आणि रिंग काढून ठेवा.

प्रश्न : आठवड्याला, महिन्याला काय साफ करायचं? कुबट वास येतो. (कळवा)

आठवड्यातून एकदा फिल्टर काढून जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा. पंधरा दिवसांनी पाणी फवारणारे मशीनचे दोन्ही फिरते हात काढा. त्यांच्या भोकांत जिरं, मोहरी, भाताची शितं बसतात. सेफ्टीपिनने काढा, टूथपिक आत मोडते. हात कानाशी हलवून पाहा, आत खुळखुळ झाली तर पाणी भरून उलटा करून ओता. दाराच्या खालच्या कडेला पाणी पोचत नाही, तिथे तेलाचा काळा थर बसतो आणि वास तिथूनच येतो. तो ओल्या फडक्याने पुसा. रोज फक्त इको (कमी तापमानाचं धुणं) लावत असाल तर महिन्यातून एकदा डिशवॉशर क्लीनर घालून, भांड्यांशिवाय, सगळ्यात गरम धुणं लावा. तेल ५० अंशांना वितळून पुढे नळीत जाऊन गोठतं, ७० ला निघून जातं. पावसाळ्यात धुणं काढल्यावर दार चार बोटं उघडं ठेवा. गावाला जाताना तर नक्कीच.

प्रश्न : सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. मशीन मधेच 'पाणी नाही' म्हणतं. सोलरच्या गरम पाण्याची लाइन जोडली तर काम लवकर होईल का? (सीवूड्स)

सोलरची लाइन नको. बऱ्याच मशीनना ६० अंशांपर्यंतचं पाणी चालतं, पण उन्हाळ्यात दुपारी सोलरच्या टाकीतलं पाणी त्याच्या वर जातं. शिवाय सुरुवातीलाच कडकडीत पाणी पडलं तर दूध आणि अंड्याचे डाग भांड्यावर शिजून बसतात.

दाबाचं बघा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार. गच्चीवरची टाकी तुमच्या नळाच्या चार मीटरच वर असेल तर ०.४ बार मिळतो आणि मशीनला साधारण ०.५ तरी लागतो. नळी सोडून अँगल कॉक पूर्ण उघडा, एक लिटरची बाटली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. सहा सेकंदांत भरली तर दाब पुरेसा आहे. त्याहून बराच जास्त वेळ लागला तर त्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवावा लागेल, सोसायटीला विचारून.

पंप घेण्याआधी नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून धुवा. सोसायटीची टाकी धुतली की पुढचे दोन-तीन दिवस गाळ येतो आणि तो नेमका तिथे बसतो. नळीच्या टोकाला चौकोनी प्लास्टिकची डबी असेल तर त्यात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह आहे. ती पाण्यात बुडवू नका आणि नळी लांब पडते म्हणून कापूही नका.