ब्रेक मागितला तर व्हिसा जातो का?

प्रश्न: मॅडम, मी सांगलीहून लिहितेय. मुलगा मेलबर्नला आयटीत मास्टर्स करतोय, तिसरी सेमिस्टर चालू आहे. एका कॅफेत बरिस्ता म्हणजे कॉफी बनवणारा म्हणून काम करतो, आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहा ते दोन, आणि मालकाने बोलावलं तर रविवारी पण जातो, त्याचे रोख मिळतात. लोनसाठी दरमहा घरी पैसे पाठवतो. मालक म्हणतो टिकून राहिलास तर मॅनेजर करतो, व्हिसासाठी स्पॉन्सर पण करतो. हल्ली त्याची कुरकुर वाढली आहे, ब्रेक मिळत नाही, चार जणांचं काम दोघं करतो, हात दुखतो, रात्री बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकावा लागतो. तक्रार केली तर व्हिसाचं काही होईल म्हणून गप्प बसतो. माझे मिस्टर साखर कारखान्यातून रिटायर झालेत, ते म्हणतात सवय नाही म्हणून होतं, आम्ही काय कमी कष्ट काढले का. रोज रात्री नऊला फोन करून त्याला समजावतो. नात्यातल्या एका मुलाला तिकडे पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाला. तर याने प्रोफेशनल इयर करावं की कॅफे मॅनेजमेंटचा डिप्लोमा? पीआर लवकर कशाने होईल?

उत्तर:

ताई, खरं सांगू का, कोर्सच्या प्रश्नापर्यंत मी पोचलेच नाही, आधीच अडकले. हप्ता, पीआर, नात्यातला मुलगा, मालकाचं आश्वासन सगळं तुम्ही व्यवस्थित लिहिलंय, आणि हाताचं एका वाक्यात उरकलंय, तेही 'कुरकुर' म्हणून. मी उलटं करणार आहे. कोर्सचं उत्तर शेवटी देते, ते छोटं आहे.

मी डॉक्टर नाही त्यामुळे निदान करत नाही. पण रात्री बोटं बधिर होणं, जाग येणं, हात झटकल्यावर बरं वाटणं, आणि हे अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट यातच जास्त होत असेल, तर कुठलाही डॉक्टर आधी कार्पल टनेलची शंका घेईल. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून एक नस आणि बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या म्हणजे टेंडन जातात, मनगट वाकवून जोर लावून तेच तेच काम तासन् तास केलं की आतली जागा कमी पडते आणि नस दाबली जाते. लवकर लक्ष दिलं तर रात्री मनगटाला स्प्लिंट आणि कामात बदल एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. अंगावर काढलं तर पकड ढिली होते, अंगठ्याच्या बुडाचा स्नायू सुकायला लागतो आणि मग ऑपरेशनची भाषा सुरू होते. तुमचा मुलगा आयटीवाला आहे, पुढची तीस वर्षं त्याला याच हाताने कीबोर्डवर पोट भरायचंय. ज्या करिअरसाठी एवढं कर्ज काढलंत त्याचं हत्यारच तो कॅफेत झिजवतोय आणि घरून त्याला सांगितलं जातंय की सवय होईल.

कॉफी बनवण्यात कसले आलेत कष्ट असं वाटत असेल तर जरा ऐका. पावडर भरायचा जो जड दांडा असतो, पोर्टाफिल्टर म्हणतात त्याला, त्यात पावडर टॅम्परने दाबायची, त्यासाठी शिकवताना जुना आकडा सांगतात तो तीस पौंडांचा, म्हणजे तेरा-चौदा किलोचा जोर, मग तो दांडा मशीनमध्ये पिळून घट्ट बसवायचा, शॉट निघाला की परत पिळून काढायचा, आपटून चोथा पाडायचा, आणि या सगळ्याच्या मध्येच दुधाचा भरलेला जग तिरका धरून वाफ द्यायची. हे झालं एका ऑर्डरचं. मेलबर्नची माणसं कॉफीच्या बाबतीत किती हट्टी आहेत ते तिथे राहिलेल्या कुणालाही विचारा, सकाळी ऑफिसच्या वेळेला मशीनवरच्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते.

आता चार माणसं असली की कामं फिरतात. तासभर मशीन, मग तासभर कॅश, मग टेबलं, मग भांडी. हाताला हालचाल बदलून मिळते, त्यातच त्याची विश्रांती होते. दोनच माणसं असली की एक कॅश आणि टेबलं बघणार आणि दुसरा आठ तास मशीनला चिकटलेला, आणि तो ब्रेकला गेला तर दुकानच थांबणार. मालकाला 'ब्रेक घेऊ नको' असं तोंडाने म्हणायची गरजच पडत नाही, रांग बघून पोरगा स्वतःच जात नाही. म्हणजे माणसं कमी, ब्रेक नाही आणि हात दुखतो या तुम्हाला तीन वेगवेगळ्या कुरकुरी वाटल्या तरी दुखणं एकच आहे. मालकाचं गणित सरळ आहे, भाडं कमी करता येत नाही, दूध-बीन्सचे भाव त्याच्या हातात नाहीत, वीकेंडला पगाराचा दर जास्त द्यावा लागतो, मग रोस्टरमधली दोन नावं खोडायची. पावडर आपोआप दाबून देणारं मशीन मिळतं, तिकडच्या बऱ्याच कॅफेंमध्ये असतं. ते घ्या असं मुलाने विचारायला काय हरकत आहे, ते दुसरा माणूस ठेवण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

तुमच्या मिस्टरांशी मला थोडं स्पष्ट बोलायचंय, राग मानू नये. दादा, तुम्ही कष्ट काढलेत यात शंका नाही. पण कारखान्यात तुम्हाला जेवणाची सुट्टी होती की नाही? १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात लिहिलेलंच होतं, सलग पाच तासांच्या वर काम घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास द्यायचा. भोंगा होता, शिफ्ट संपली की दुसरा माणूस यायचा, आणि कुणी अडवलं तर युनियनचा माणूस होता. नोकरीभर जे तुम्हाला हक्काने मिळालं तेच तुमचा मुलगा मागतोय, तर तो नाजूक कसा झाला? आपल्याकडे दुकानं आणि हॉटेलांसाठी २०१७ साली जो कायदा केला त्यातही पाच तासांनंतर अर्धा तास लिहिला होता. पाळतात किती हा वेगळा विषय, त्यावर बोलायला लागले तर हे उत्तर संपायचं नाही. आणि हे फक्त आपल्याच पोरांचं आहे असंही नाही, अमेरिकेत बफेलोच्या स्टारबक्समध्ये डिसेंबर २०२१ ला कामगारांनी युनियन उभी केली आणि पुढे शेकडो दुकानांत ती पसरली, त्यांच्याही तक्रारींमध्ये 'माणसं कमी देतात' ही अगदी वरची होती. ती सगळी तिथलीच पोरं, सवय नसलेली म्हणता येणार नाहीत.

आता व्हिसाची भीती. स्टुडंट व्हिसावर आहोत म्हणून तोंड उघडायचं नाही, तक्रार केली की व्हिसा जातो, हे आपल्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इतकं फिरतं की मालकाला धमकी द्यावीच लागत नाही. हे चुकीचं आहे. ऑस्ट्रेलियात कामाचे हक्क व्हिसावर ठरत नाहीत, तिथल्या नागरिकाला जे लागू ते तुमच्या मुलाला लागू. कॅफे-रेस्टॉरंटच्या कामगारांचे नियम ज्यात आहेत त्या अवॉर्डप्रमाणे पाच तास किंवा जास्त शिफ्ट असेल तर किमान अर्ध्या तासाचा जेवणाचा ब्रेक द्यावा लागतो आणि तो पहिल्या सहा तासांच्या आत, नाही दिला तर ब्रेक मिळेपर्यंत किंवा शिफ्ट संपेपर्यंत तासाच्या दराच्या निम्मे जास्तीचे पैसे द्यावे लागतात. म्हणजे त्याचे इतक्या महिन्यांचे पैसेही कुठेतरी अडकलेले असू शकतात, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, हप्त्याचा हिशोब मात्र चोख. मुलं गप्प बसली की काय होतं ते २०१५ मध्ये सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीच्या प्रकरणात अख्ख्या ऑस्ट्रेलियाने बघितलं, त्यात आपल्याकडची मुलंही बरीच होती, निम्म्या पगारावर राबवायचे आणि व्हिसाची भीती घालायचे, शेवटी कंपनीला १५ कोटी डॉलरच्या वर पैसे परत करावे लागले. त्यानंतर कायदे कडक होत गेले. जुलै २०२४ पासून व्हिसाचा धाक दाखवून कुणाला राबवणं हा मालकाचा गुन्हा आहे, आणि जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पगार बुडवणं हाही फौजदारी गुन्हा आहे. फेअर वर्क ऑम्बड्समन म्हणून कामगारांच्या तक्रारी बघणारं सरकारी कार्यालय आहे, तिथे नाव न सांगताही कळवता येतं.

मग व्हिसाला धोका कशात आहे? तुमच्या त्या रविवारच्या रोख पैशांत आहे. कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तास ही मर्यादा आहे. तीन दिवस आठ-आठ तास म्हणजे दोन आठवड्यांचे ४८ तिथेच भरले, रविवारी पाय ठेवला की नियम मोडला. हे रोज फोनवर समजावताना त्याला कुणी विचारलं का? जास्त तास झालेल्या मुलांनाही, शोषण झालं असेल तर व्हिसा रद्द होण्यापासून संरक्षण मिळू शकतं, पण त्याला अटी आहेत, त्या भरवशावर राहू नका. रविवार बंद, या आठवड्यापासून.

आणि रविवार तो का करतो हे तुम्हाला माहीत आहे. लोन सरकारी बँकेचं असेल तर मंजुरीचं पत्र काढा आणि मोरॅटोरियमचा कलम वाचा. साधारणपणे कोर्स चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, व्याज तेवढं चढतं. खाजगी फायनान्स कंपनीचं असेल तर मध्ये व्याज भरावं लागतं, ते वेगळं. पण पुष्कळ घरांत मी बघते, बँकेने मागितलेलं नसतं, वडिलांना डोक्यावर कर्ज सहन होत नाही म्हणून पोरगा पाठवत राहतो. तुमचं यातलं कुठलं आहे ते आधी बघा. व्याजापुरतं तुम्ही पेन्शनीतून किंवा दुसरीकडून भागवू शकत असाल तर त्याला स्पष्ट सांगा, कोर्स संपेपर्यंत एक रुपया पाठवू नकोस. हे वाक्य तुमच्याकडून ऐकल्याशिवाय तो शिफ्ट सोडणार नाही, मी दहा कोर्स सुचवले तरी.

अजून एक, रात्री नऊचा फोन. तुमच्या नऊला तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो, तिकडच्या उन्हाळ्यात अडीच. सहाला कॅफे उघडायचं असतं त्याला. कृपा करून दुपारी करत जा.

त्याने काय करायचं ते सांगते, हे त्याला फॉरवर्ड करा. आधी जीपीकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे जायचं, आणि दुखणं कामामुळे वाटतंय हे स्पष्ट सांगायचं, नुसतं 'हात दुखतो' म्हणून गोळ्या घेऊन यायचं नाही. मालकाला लेखी कळवायचं, मेसेज किंवा ईमेल, आणि कॅफेच्या इंज्युरी रजिस्टरमध्ये नोंद करायची, व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, कळल्यापासून ३० दिवसांच्या आत कळवायचा नियम आहे, त्यामुळे 'परीक्षा झाल्यावर बघू' नको. तिथे कामाच्या दुखण्याचा विमा मालकाने भरलेला असतो, वर्कसेफ या सरकारी संस्थेच्या त्या योजनेत कॅज्युअल कामगार आणि स्टुडंट व्हिसावालेही येतात, दावा मान्य झाला तर उपचाराचा खर्च मिळतो आणि काम करता येत नसेल तर पहिले १३ आठवडे पगाराच्या ९५ टक्क्यांपर्यंत मिळतात. स्टुडंट हेल्थ कव्हरवर अवलंबून राहू नये, त्यात फिजिओ साधारण बसत नाही. तास रोजच्या रोज लिहून ठेवायचे, ब्रेक मिळाला नाही तर त्याच दिवशी तेही लिहायचं, पे स्लिप जपून ठेवायच्या. एकट्याने बोलायची भीती वाटली तर मेलबर्नमध्येच ट्रेड्स हॉलला, म्हणजे कामगार संघटनांच्या इमारतीत, यंग वर्कर्स सेंटर आहे, तरुण कामगारांना फुकट सल्ला देतात. रविवारच्या रोखीचंही त्यांना आधीच खरं सांगायचं, लपवायचं नाही, म्हणजे सल्ला नीट मिळेल. आणि बोलून चार दिवसांत दुसरा माणूस येत नसेल तर सरळ दुसरं काम बघावं, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत, ट्यूटरिंगमध्ये, कुठेही, आयटीच्या जवळचं मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आता तुमचा प्रश्न. कॅफे मॅनेजमेंटचा डिप्लोमा नको, आयटीतलं मास्टर्स अर्धवट बाजूला ठेवून ती फी भरायचं काहीच कारण नाही. बरिस्ता हा व्यवसाय ऑस्ट्रेलियाच्या कुशल व्यवसायांच्या यादीत नाही, कितीही वर्षं मशीनवर उभा राहिला तरी त्याचे पीआरसाठी मोजले जाणारे पॉइंट मिळत नाहीत. मालकाच्या स्पॉन्सरशिपचा कागद आहे का? नाही ना. दोन माणसांत दुकान हाकणारा मालक तिसरा माणूस ठेवत नाही तो स्पॉन्सर काय करणार, आणि त्यासाठी उद्या पैसे मागितले तर तो तिथे गुन्हा आहे, मुलानेही देऊ नयेत. प्रोफेशनल इयर हा पदवीनंतर नोकरीची तयारी करून घेणारा ४४ आठवड्यांचा प्रोग्रॅम आहे, त्याचे पाच पॉइंट मिळतात, फी चांगलीच असते, ते मास्टर्स संपल्यावर ठरवू, आज नाही. नात्यातल्या त्या मुलाचं वर्ष वेगळं, विषय वेगळा, त्याच्याशी तुलना करून हाती काही लागणार नाही. पीआरसाठी त्याच्या स्वतःच्या हातात असलेली, भरपूर पॉइंट काढून देणारी गोष्ट म्हणजे उत्तम इंग्रजी, पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेत खूप वरचा स्कोअर आला तर २० पॉइंट मिळतात. पण ती परीक्षाही हात बरा झाल्यावरच द्यायला सांगा, निबंध कॉम्प्युटरवर टाईप करायचे असतात.