पाचव्या महिन्यातले ग्रहण

हृदयात जन्मजात दोष असलेल्या मुलांच्या आयांशी बोलताना एक प्रश्न मला हमखास ऐकायला मिळतो, आणि तो बहुधा घरची इतर माणसे खोलीबाहेर गेल्यावरच विचारला जातो: “मॅडम, माझ्याच हातून काही चुकलं का?” नगर जिल्ह्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या आईनेही तो तसाच विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलाचा घोळणा वारंवार फुटत असे, डोके दुखत असे आणि पळापळी खेळताना पोटऱ्या भरून येत. घरच्यांनी ही उष्णता समजून गुलकंद चालू केला होता. शाळेतल्या आरोग्य तपासणीत डॉक्टरांना जांघेतली नाडी जेमतेम लागली आणि तिथून तो आमच्याकडे आला. उजव्या हाताचा वरचा रक्तदाब १४८ होता, पायाचा ९६. एरवी पायाचा दाब हाताइतका किंवा थोडा जास्तच असतो. इकोमध्ये महारोहिणीचे आकुंचन, म्हणजे कोआर्क्टेशन, असल्याचे निदान झाले. हृदयातून निघालेली महारोहिणी डोक्याकडे आणि हातांकडे फांद्या देऊन खाली वळते, त्या वळणाशीच ती चिंचोळी राहिली होती. त्यामुळे अडथळ्याच्या अलीकडे दाब चढलेला आणि पलीकडे रक्ताचा जोर कमी. डॉक्टरांनी आईची बोटे आधी मुलाच्या मनगटावर आणि मग जांघेत ठेवायला लावली. “इथं लागतच नाही हो,” ती म्हणाली, आणि त्याचे गार पडलेले पाऊल तिने कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवले.

मग तो प्रश्न आला. पाचव्या महिन्यात ग्रहण होते, त्या दिवशी तिने विळीवर भेंडी चिरली होती आणि सासूबाईंनी तेव्हाच हटकले होते. पूर्वी मी अशा वेळी “ही अंधश्रद्धा आहे” एवढेच सांगत असे. आया मान डोलवत आणि तेच ओझे घेऊन घरी जात. आता मी महिना विचारते. हृदयाची आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या रोहिण्यांची मूळ घडण गर्भारपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांतच होऊन जाते, त्यामुळे पाचव्या महिन्यातली विळी तिथे पोहोचणार तरी कशी? (ग्रहण दुसऱ्या महिन्यात असते तरी माझे उत्तर हेच असते, हेही मी लगेच सांगून टाकते, नाहीतर या हिशेबातूनच नवी शंका उगवते.) आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला रुबेला यांसारख्या गोष्टींनी हृदयदोषांचा धोका वाढतो, परंतु बहुसंख्य मुलांत एकच एक कारण हाती लागत नाही. कारण सापडत नाही म्हणजे दोष आईकडे जातो असे नव्हे, हे तिला दोनदा सांगावे लागले.

महारोहिणीचा असा चिंचोळा भाग दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया १९४४ पासून होत आली आहे. काही मुलांत फुग्याने किंवा स्टेंट घालूनही मार्ग रुंद करता येतो. या मुलाच्या डाव्या बरगड्यांमधून जाऊन चिंचोळा भाग काढला आणि दोन्ही टोके जोडली. मला धास्ती असते ती त्यानंतरची. जोड पुन्हा आवळू शकतो, दुरुस्ती उत्तम होऊनही पुढे रक्तदाब वाढू शकतो, आणि अशा निम्म्याच्या आसपास रुग्णांत महारोहिणीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. म्हणून तपासणी जन्मभराची. मूल धडधाकट दिसू लागले की घरचे नेमके इथेच ढिले पडतात.

सहा महिन्यांनी ती वही घेऊन आली. वहीत दोन रकाने होते, हात आणि पाय. शेवटची नोंद ११० आणि ११६. गावातल्या दवाखान्यात परिचारिकेने फक्त दंडाला पट्टा बांधून काम संपवले, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या होत्या, “बाई, पायालाबी लावा. त्याचा पायाचाच बघायचा असतोय.”