जावेचे आणि माझे ताट सारखेच, मग वजन माझेच का वाढते?

"मॅडम, माझ्या माहेरी सगळ्याच अंगाने भरलेल्या. रक्तातच असेल, तर मी जिभेला आवर घालून काय उपयोग?" असे विचारणाऱ्या पस्तिशीतल्या बाईंचे थायरॉइड, साखर, रक्तदाब सगळे व्यवस्थित होते. एकाच स्वयंपाकघरात जेवणारी जाऊ सडपातळ आणि त्यावरून सासूबाईंची रोजची बोलणी, हे त्यांचे खरे दुखणे होते.

त्यांची शंका रास्त आहे, हे मी आधी स्पष्ट केले. संशोधक क्लोद बुशार यांनी कॅनडात एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना १०० दिवसांपैकी ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्तीच्या दिल्या. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कोणाचे वजन चार किलोंनी वाढले, तर कोणाचे तेरा. जुळ्या भावांची वाढ मात्र एकमेकांशी बरीच जुळती होती. पुढे २००७ मध्ये 'एफटीओ' जनुकाचा वजनाशी असलेला संबंध उघड झाला. त्याचे वजन वाढवणारे रूप आई आणि वडील दोघांकडूनही आलेल्या युरोपीय प्रौढांचे वजन, ते अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे तीन किलो जास्त भरले. तीनच किलो! शिवाय हा प्रभाव मुख्यतः भूक आणि तृप्ती यांच्यामार्फत पडतो, असे दिसते.

"मला पोट भरल्याचे लवकर कळतच नाही," असे त्या म्हणाल्या. आठवडाभराच्या नोंदीत दिसले, की सर्वांना वाढून त्या शेवटी बसत आणि पातेल्यातला उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून संपवत. जाऊ आपसूक थांबत असे. यांना थांबण्याची सोय आधीच करून ठेवणे भाग होते. म्हणून सर्वांसोबतच बसायचे, आधी उसळ-कोशिंबीर घ्यायची, भात एकदाच वाढून पातेले झाकून ठेवायचे आणि रोज भरभर चालायचे, असे ठरले.

त्यांना जनुकचाचणीही करायची होती. निकाल काहीही आला तरी सल्ला हाच राहिला असता, म्हणून मी ती नको म्हटले. या जनुकाचे ते रूप असलेल्यांचे वजनही आहार-व्यायामाने इतरांइतकेच उतरते, असे वजन उतरवण्याच्या अनेक वैद्यकीय प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले आहे.

पुढच्या भेटीला सासूबाईंनाही आणायला सांगितले. सुनेला खाण्याचा मोह आवरत नाही, हा त्यांचा समज त्यांच्यासमोरच खोडून काढायला हवा होता.