एकाच गुन्ह्याला दोघांना वेगवेगळी शिक्षा कशी काय होते?

अहो कायद्यात बऱ्याचदा 'सात वर्षांपर्यंत' असंच लिहिलेलं असतं, मग त्या 'पर्यंत'मध्ये किती द्यायची ते न्यायाधीशांच्या हातात, आणि तिथेच वकील कसा मिळाला, जामिनाला पैसे होते का हे सगळं आत शिरतं. पण कधीकधी भेदभाव कायद्यातच असतो, ते जास्त वाईट. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने क्रॅक कोकेनच्या (खड्यांच्या रूपातलं, ओढायचं कोकेन) ५ ग्रॅमला, म्हणजे चमचाभर साखरेएवढ्या मालाला, किमान ५ वर्षं आणि पावडर कोकेनला तेवढीच शिक्षा व्हायला ५०० ग्रॅम लागायचे! ड्रग मुळात एकच, फक्त क्रॅकमध्ये आत गेलेले बहुतेक कृष्णवर्णीय. कित्येक घरं उद्ध्वस्त झाली हो. २०१० मध्ये क्रॅकची मर्यादा २८ ग्रॅम केली, पण सारखी अजूनही नाहीच.