बिल पितृपक्षात, गाडी घटस्थापनेला

प्रश्न: ऑगस्ट 2025 मध्ये कॉम्पॅक्ट सेडान बुक केली. डीलरने 17 सप्टेंबरला बिल करून पासिंगही उरकलं. पितृपक्ष असल्यामुळे गाडीचा ताबा मी 22 तारखेला, घटस्थापनेला घेतला. त्याच दिवशी जीएसटी उतरला, पण माझ्याकडून एक्स-शोरूम नऊ लाख जुन्या दरानेच घेतले गेले. शेजाऱ्यांना तीच गाडी आठवड्याभराने पाऊण लाखाने स्वस्त मिळाली. मालकांच्या ग्रुपवर काहींना फरक परत मिळाल्याचं वाचलं. गाडी सांगितलेलं मायलेजही देत नाही, असंच मत इतर मालकांचं आहे. ती सगळी मतं सोबत जोडली आहेत. डीलर 'वर कळवलंय' एवढंच म्हणतो. ग्राहक न्यायालयात जाऊ का?

उत्तर: सप्टेंबर 2025 नंतर या धाटणीची पत्रं येतच आहेत, फक्त गाडीचं नाव आणि रंग बदलतो. तुम्ही बुकिंग फॉर्मच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवलात. तुमचं प्रकरण मागच्या बाजूला, बारीक टायपातल्या अटींमध्ये आहे. ती बाजू पाठवलेली नाही, बहुधा वाचलेलीही नाही.

बऱ्याच फॉर्मवर अशी अट असते की बुकिंग कितीलाही झालेलं असो, ग्राहकाने ताब्याच्या दिवशी लागू असलेली किंमत द्यायची. कर आणि शुल्कांबद्दल कधी तशीच वेगळी ओळ असते, तीही शोधा. जानेवारीत भाव वाढले की डीलर हीच अट ग्राहकापुढे नाचवतात. पण ती फक्त भाववाढीला लागू आहे, असं तिच्यात लिहिलेलं नसेल तर ती दोन्ही बाजूंना बांधते. दिवस ताब्याचा धरलेला असेल तर 22 सप्टेंबरची किंमत मागण्याचा तुमचा दावा उभा राहतो. काही फॉर्मवर मात्र इनव्हॉइसच्या दिवसाची किंमत धरलेली असते. तसं असेल तर 17 तारीख तुमच्या विरोधात जाते, आणि मग मी तुम्हाला वकिलाच्या खर्चात पाडणार नाही. फॉर्मची प्रत सापडत नसेल तर डीलरकडे ईमेलने मागा. फोनवर मागितलेली प्रत मागितली नाही असंच धरलं जातं.

करकायद्याच्या वाटेला जाऊ नका. चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी (डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर या सगळ्या त्यात येतात) आधी 28 टक्के जीएसटी आणि 1 टक्का सेस भरत होती, आता 18 टक्के भरते. तुमच्या नऊ लाखांवर हा फरक साधारण 76,700 रुपये होतो. पण मालाच्या विक्रीत जीएसटीची जबाबदारी मुख्यतः बिलाच्या तारखेवर ठरते. गाडी शोरूमबाहेर पडण्याआधी बिल करणं बेकायदा नाही, कारण त्याशिवाय पासिंग होत नाही. करकपातीचा फायदा ग्राहकाला दिला नाही, अशी नफेखोरीची तक्रारही आता करता येणार नाही. 1 एप्रिल 2025 पासून तशा नव्या तक्रारी स्वीकारणं बंद आहे. म्हणून सरकारने किती कर घ्यायला हवा होता हा मुद्दाच सोडा. डीलरने तुमच्याशी कोणत्या दिवसाच्या किमतीचा करार केला होता, एवढंच विचारा.

आता थोडं कडू. करकपातीची घोषणा 15 ऑगस्टला झाली होती. जीएसटी परिषदेने 3 सप्टेंबरला निर्णय घेतला आणि 22 ही तारीख दुसऱ्या दिवशी पेपरात होती. पितृपक्षात गाडी घरी आणायची नाही हे तुम्ही कटाक्षाने पाळलंत, पण बिलही तोवर करू नका असा दोन ओळींचा मेसेज केला नाहीत. डीलरला घाई असणारच होती. गाडी घेताना त्याने आधीच भरलेल्या सेसची वजावट (क्रेडिट) 22 नंतर त्याच्या कामाची राहणार नव्हती. तो आता म्हणेल की गाडी 19 लाच तयार होती, ग्राहक मुहूर्तासाठी थांबला. या बचावाला माझ्या मते वजन आहे. उत्तर तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये सापडलं तर सापडेल. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कधी बसली ते पाहा; प्लेट लावल्याशिवाय डीलरला गाडी देता येत नाही. प्लेट 21 किंवा 22 ला आली असेल तर उशीर तुमचा नाही. आणि '22 लाच द्या' असा तुमचाच मेसेज निघाला, तर निकाल कुठे झुकेल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

तक्रार लिहिताना एक चूक हमखास होते. रागाच्या भरात लोक करार अन्यायकारक असल्याचं लिहितात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात (तुम्ही म्हणता ते ग्राहक न्यायालय) चालतच नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. तुमचं म्हणणं उलट आहे: अट योग्य आहे, डीलरने ती पाळली नाही. तेवढंच लिहा. मग प्रकरण तुमच्या जिल्ह्यातच राहतं. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला शुल्क 200 रुपये आणि अर्ज ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. गाडी बनवणाऱ्या कंपनीलाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावं का, यावर वकिलांचं एकमत होणार नाही. मी करेन.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, त्याच कायद्याचं कलम 69. ती बिलाच्या तारखेपासून मोजा, म्हणजे पुढे वाद नको. सप्टेंबर 2027 चा मध्य ही तुमची हद्द. 'वर कळवलंय' या उत्तराने ती एक दिवसही पुढे सरकत नाही. डीलरला पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या आणि सोळाव्या दिवशी तक्रार दाखल करा. कायदा म्हणतो, सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, कधी आयोगावर सदस्यच नेमलेले नसतात. तडजोड होईल या आशेवर असलेले डीलर त्यावरच जगतात, तेव्हा व्याजाची मागणी पहिल्याच अर्जात करा. मानसिक त्रासाचे पाच लाख मात्र मागू नका, मूळ मागणीचं वजन त्याने कमी होतं.

मालकांच्या मतांचा गठ्ठा परत ठेवून द्या. कोणाला फरक परत मिळाला तो त्यांच्या डीलरच्या मर्जीने की कराराने, हे त्यातून कळत नाही. त्यातल्या एकाने बुकिंग फॉर्मच्या अटी आणि परताव्याची पावती दिली, तर ती दोन पानं उपयोगी पडतील. मायलेजचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो. रस्त्यावर तो कमी येणं म्हणजे आपोआप दोष नव्हे. दोषच म्हणायचा असेल तर सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर प्रत्येक वेळी तक्रार नोंदवलेली हवी आणि आयोग गाडी तपासणीला पाठवू शकतो, म्हणजे आणखी काही महिने. तुमच्या पत्रात एकाही जॉब कार्डचा उल्लेख नाही. ही तक्रार किमतीच्या तक्रारीत मिसळू नका.